बूस्टरची वायर

बायकोचं डायलिसिस सुरू झाल्यापासून आमच्या घरात आठवड्याला दोनच वार उरलेत, मंगळवार आणि शुक्रवार. त्या दिवशी उजाडायच्या आत ओझरहून निघायचं, सातपर्यंत नाशिकच्या दवाखान्यात तिला मशीनवर पोचवायचं, चार तास बाहेर थांबायचं आणि परत यायचं. बाकीचे दिवस या दोन दिवसांचा शीण काढण्यात जातात. कसं चाललंय असं कुणी विचारलं तर मी ‘चाललंय’ म्हणतो. त्यापुढे सांगायचा कंटाळा येतो.

या आजारात माणसाच्या इच्छा एकेक करून काढून घेतात. पाणी मोजून प्यायचं, मीठ जवळजवळ बंद, नारळपाणी तर विषासारखं. दिंडोरीकडचे नातेवाईक हंगामात द्राक्षांच्या पेट्या आणून ठेवतात, त्या आम्ही गल्लीत वाटून टाकतो. त्यामुळे हिने हल्ली काही मागणंच सोडलं होतं. आणि एका मंगळवारी परत येताना डोळे मिटूनच ती म्हणाली, “अहो, गाडीतला हा रेडिओ नीट लागला असता तर बरं झालं असतं.”

मी कान टवकारले. आमची गाडी सेकंडहँड, तिच्यातला रेडिओ त्याहून म्हातारा. नाशिकमध्ये तो बरा वाजायचा, पण आडगाव मागे पडलं की नुसती खरखर. शुक्रवारी ती मशीनवर असताना मी चौकशी करत एका गाडीच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, बूस्टर टाका. बूस्टर म्हणजे काडेपेटीएवढी डबी. अँटेनाची वायर आणि रेडिओ यांच्यामध्ये ती बसते आणि अशक्त आवाज ओढून घेऊन मोठा करते. “गाडी सोडून जा, संध्याकाळी न्या,” म्हणाला. गाडी सोडून कसा जाऊ? हिला कधी धाप लागेल याचा नेम नाही. मी डबी खिशात टाकली आणि म्हणालो, घरीच बसवतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालो, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. तिथे मी रंगखात्यात होतो, हे फारसं कुणाला माहीत नाही. विमानं बनवणाऱ्या माणसाला मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर सगळं येत असणार असं लोक धरून चालतात, आणि मीही कधी नाही म्हटलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्नानंतर कितीतरी वर्षं हिलाही तसंच वाटत होतं.

शनिवारी दुपारी ती झोपल्यावर मी रेडिओ डॅशबोर्डातून बाहेर ओढला. मागे वायरींचा नुसता गुंता. आधीच्या मालकाने कुठलीच वायर मूळ रंगाची ठेवली नव्हती, सगळ्या काळ्या आणि वरून काळीच टेप. बूस्टरला वीज द्यायची ती अशा वायरीतून, जिच्यात चावी फिरवल्यावरच करंट येतो. मी चावी फिरवली, टेस्टिंगचा दिवा एका वायरीला लावला. पेटला. झालं, तिथेच जोड मारला आणि टेप गुंडाळली. चावी बंद करून तोच दिवा पुन्हा लावून पाहायला हवा होता, कारण काही वायरींत करंट कायमचाच असतो. तिथेच घोडं पेंड खात होतं. पण कंबर मोडून आली होती आणि मला ते काम एकदाचं संपवायचं होतं.

रेडिओ मात्र खणखणीत लागला. मी हिला हाक मारली. ती दाराची चौकट धरून उभी राहिली, थोडा वेळ ऐकलं आणि “छान झालं” म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी उगाचच गाडी पुसायला घेतली.

मंगळवारी पहाटे चावी फिरवली तर नुसतं टक झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. बूस्टरने शनिवारपासून न थांबता बॅटरी चाटून खाल्ली होती, आणि बॅटरी मुळातच जुनी. ही शाल पांघरून शेजारच्या सीटवर बसलेली. दवाखान्यात उशीर झाला तर तिचा वेळ कापला जातो, कारण अकराला त्याच मशीनवर दुसरा पेशंट असतो. वेळ कापला की अंगात पाणी राहतं, आणि मग तिला आडवं होता येत नाही, बसून रात्र काढावी लागते. हे आम्ही एकदा भोगलं होतं. मी आधीच्या मालकाला शिव्या घातल्या, त्या डबीला घातल्या, दुकानदाराला घातल्या. नाचता येईना, अंगण वाकडं.

आवाज ऐकून समोरचा दूधवाला आणि त्याचा भाऊ धावत आले.

“काका, तुम्ही बसा आत. सेकंड गिअर टाका, मी म्हनलो का क्लच सोडा.”

“हिला उतरवतो,” मी म्हणालो.

“राहू द्या काकूंना. त्यांचं काय वजन हाय आता!”

दूधवाला भाबडेपणाने बोलला, पण मला ते लागलं. त्यांनी ढकललं, मी क्लच सोडला, गाडी दोन आचके देऊन सुरू झाली आणि आम्ही हायवेला लागलो.

गाडीत बोलत राहणं हे माझं काम होतं. पेशंटचं मन रमवा, असं पहिल्याच दिवशी सिस्टरने सांगितलं होतं. मी मुळात बोलका नाही, रंगखात्यात तोंडाला मास्क लावून नोकरी गेली. पण सोमवारी आणि गुरुवारी मी विषय गोळा करून ठेवायचो. कांद्याचा भाव, कुणी प्लॉट घेतला, कुणाच्या सुनेचं काय झालं. त्या दिवशी तर अपराधी वाटत होतं, म्हणून जास्तच सुटलो. वायर, बॅटरी, दूधवाला, मग कांदा.

आडगाव आलं तेव्हा ती म्हणाली, “रेडिओ लावा.”

“नको, परत बंद पडायची.”

“मग जरा गप्प बसता का?”

तिचा आवाज चढला नव्हता. ती म्हणाली, “रेडिओ मला गाण्यांसाठी नको होता हो. तुम्ही माझ्यासाठी बोलता, कळतं मला. पण तुमच्या प्रत्येक वाक्याला मला हुं म्हणावं लागतं. येताना हुं म्हणायचीसुद्धा ताकद नसते अंगात. रेडिओला हुं म्हणावं लागत नाही.”

मला राग आला, खोटं कशाला सांगू. इतकं करून हे ऐकायचं? पण पुढचा रस्ता न बोलता गेला, आणि नाशिकचा द्वारका चौक येईपर्यंत माझ्या ध्यानात आलं की माझा जबडा सैल झालाय. मलाही नकोच होतं ते बोलणं.

आम्हाला थोडा उशीर झाला. सिस्टर कुरकुरली, पण अकराचा पेशंटही उशिरा येणार होता, म्हणून चार तास पुरे मिळाले. तेवढ्या वेळात मी पार्किंगमध्ये रेडिओ पुन्हा बाहेर काढला. या वेळी चावी चालू-बंद करून एकेका वायरीला दिवा लावला आणि चावीबरोबर विझणाऱ्या वायरीवर जोड हलवला.

परतीला गाडी एका चावीत सुरू झाली. मी रेडिओ लावला आणि आवाज लहान केला. कुणी बाई कांद्यावरच्या फवारणीबद्दल सांगत होत्या. दहावा मैल हा फाटा यायच्या आधीच ही झोपली, तोंड किंचित उघडं, मान खिडकीला टेकलेली. घरापर्यंत मी एक शब्द बोललो नाही.

दारात गाडी उभी केली तेव्हा तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही पण दमता ना हो?” ती म्हणाली.

हे इतक्या दिवसांत मला कुणीच विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो, आणि तिच्या बाजूचं दार उघडायला उतरलो.