डोंगराचा राहिलेला तुकडा

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळली आहेत. कोणता चोर कोणत्या गावचा, हेही कधी कधी सांगता येत नाही. पण बालाघाटाच्या कड्यावरून चाललेली एका दिवसाची वाट अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. ती सांगायला लागलो की या वयातही मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही.

निजामाचे राज्य होते आणि महायुद्ध अजून संपायचे होते. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या डोंगराखालच्या एका ठाण्यावर मी अमीन म्हणून, आताच्या भाषेत फौजदार म्हणून, नुकताच रुजू झालो होतो. कागद सगळे उर्दूत आणि बोलणे मराठीत. सकाळी हजेरी, मग बंदुकांची मोजणी आणि मग रोजनामचा, म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही, हा क्रम ठरलेला. हजेरीला एखादा जवान उशिरा आला तर चालून जायचे, पण मोजणीत एक बंदूक कमी पडली तर कुणाचीच धडगत नसे.

आमच्या हद्दीत एका घाटाच्या माथ्यावर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. घाट उतरून दोन-तीन कोस गेले की इंग्रजी मुलूख. त्या नाक्यावर आमचा एक जवान असे. एका शुक्रवारी तो झऱ्यावर घागर भरायला गेला आणि परत येऊन पाहतो तर भिंतीला टेकवलेली बंदूक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाऊन पंचनामा केला, पण हाती काही लागले नाही. जिल्ह्याच्या मोहतमीमांचा, म्हणजे पोलीस प्रमुखांचा, निरोप आला की पुढच्या जुम्म्याच्या आत बंदूक पाठवा, नाहीतर माणूस. त्या काळात सरकारी बंदुकीच्या गुन्ह्यात जिल्ह्याला पाठवलेला माणूस लवकर परत येत नसे. खरा असो वा खोटा, त्याचा संसार उठायचा.

तिसऱ्या दिवशी खबर चालून आली. घाटाच्या पायथ्याशी ज्याचा मोठा मळा होता, तो बागायतदार स्वतः ठाण्यात आला. बसा म्हटले तरी बसला नाही.

"अमीनसाब, सांगावं का न सांगावं असं झालंय. पर सरकारी बंदूक हाय, गप कसं बसावं?"

"काय पाहिलं तुम्ही?"

"जुम्म्याला माझ्या हिरीवर मोट चालू होती. वर नजर गेली. पांढरं धोतर, काखंत छत्री, आडदांड माणूस. नाक्याच्या मागल्या अंगानं आला, दारावरचं कांबळं सारलं अन् आत गेला. निघाला तवा छत्रीसंगं आणिक कायतरी लांबडं होतं."

"ओळखलंत?"

"न वळखायला काय झालं? धाराशिवचा कापडवाला अप्पा. त्याची गाडी सकाळधरनं घाटाखाली उभी होती. इचारा कुणालाबी."

गाडीची चौकशी केली. ती खरोखरच दिवसभर घाटाखाली उभी होती. अप्पा दर शुक्रवारी दुकान बंद ठेवून डोंगरात जातात आणि दर वेळी वेगळ्याच घाटाने उतरतात, हेही कळले. आमचे जमादार जुने आणि तोंडाचे तिखट होते. ते म्हणाले, "शेट माणूस नफ्याबिगर उंबरा वलांडत न्हाय. डोंगरात काय माकडांस्नी लुगडी विकतोय का?"

मलाही तेच वाटले. अप्पांना ठाण्यात आणले.

पन्नाशीचे, अंगाने भरलेले लिंगायत गृहस्थ. कपाळावर विभूतीची तीन बोटे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी. ठाण्यात आलेला माणूस आधी दाराकडे पाहतो, हा माझा अनुभव. अप्पांनी खिडकीतून डोंगराकडे पाहिले.

"डोंगरात काय काम असतं तुमचं?"

"काम काय न्हाय, साहेब."

"मग?"

"चालतो."

"कुठं?"

"तेरखेड्यापासनं अणदूरपर्यंत."

जमादार मोठ्याने हसले. "अणदूरला सडक हाय की अप्पा. मोटार जाती."

"मोटारीनं लई येळा गेलोय. मोटारीतनं डोंगर कुठं दिसतोय? धूळ दिसती."

हळूहळू त्यांनी सांगितले ते असे. वैद्यांनी त्यांना चालायला सांगितले होते. एके दिवशी ते तेरखेड्याकडून कड्यावर चढले, आणि तो कडा पुढे पुढे जाताना पाहून त्यांच्या मनाने घेतले की हा सगळा शेवटपर्यंत चालून पाहायचा. दुकान सोडून इतके दिवस जाता येत नव्हते. म्हणून दर शुक्रवारी एक तुकडा. सकाळी गाडीने जायचे, दिवसभर कड्यावरून चालायचे आणि मावळतीच्या आत खाली उतरून गाडीत बसायचे.

"जिथं थांबलो तिथल्या धोंड्याला इभूतीची बोटं ओढायची. फुडल्या जुम्म्याला त्याच धोंड्यापासनं सुरू. मधी एक पाऊल सुटायचं न्हाय."

"आणि सुटलं तर?"

"कुणाला काय करायचंय? पर मला म्हाईत ऱ्हातंय की."

"यातून मिळतं काय?"

"सहा दिवस गादीवर बसून गिऱ्हाइकाला म्हणतो, या, बसा. एक दिस मला कुणी बसा म्हणत न्हाय."

त्या शुक्रवारी ते नाक्यापर्यंत पोहोचणार होते, म्हणून गाडी त्या घाटाखाली होती. पण वाटेत वहाणेचा अंगठा तुटला. ते नाक्याच्या अलीकडेच शेळ्यांच्या वाटेने उतरले आणि अनवाणी पायांनी सडकेने गाडीपर्यंत आले. नाका त्यांनी पाहिलाच नव्हता. साक्षीदार कोणी नाही.

मी दरडावून पाहिले, पुन्हा पुन्हा तेच विचारले. दर वेळी अप्पांची गोष्ट वेगळ्या ठिकाणाहून सुरू व्हायची. कधी वहाण आधी, कधी गाडी आधी, मध्येच एखाद्या करवंदीच्या जाळीचे वर्णन. उलट मळेवाल्याला दुसऱ्यांदा विचारले तेव्हा त्याने पहिलीच वाक्ये त्याच क्रमाने म्हटली. हे माझ्या ध्यानात आले होते, पण त्याचा अर्थ लावण्याइतकी नोकरी अजून झाली नव्हती.

मुदत संपत आली. अप्पांना नाक्यावर नेऊन जागा दाखवायला लावायची आणि तिथूनच जिल्ह्याला रवाना करायचे, असे ठरले. ठाणे नाक्याच्या दक्षिणेला होते. ठाण्यामागच्या वाटेने चढायचे आणि कड्यावरून नाका गाठायचा, हा जवळचा रस्ता. अप्पांच्या कमरेला दोरी बांधली, तिचे टोक जमादारांच्या हातात दिले आणि आम्ही निघालो.

चढ सुरू होताच अप्पा खाली बसले.

"साहेब, मारा पाहिजे तर. पर या वाटंनं नेऊ नका."

जमादारांनी माझ्याकडे पाहिले. "बघा अमीनसाब. जागा दाखवायची म्हणल्यावर पाय गळाले."

"का नको, अप्पा?"

"ह्यो फुडला तुकडा हाय. अजून चालायचा ऱ्हायलाय. माझा धोंडा नाक्याच्या पलीकडं. हिकडनं उलटं नेलं तर समदं इस्कटतंय." त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "जेलात घालायचं तर घाला. पर सडकंनं न्या."

जिल्ह्याला जायचे म्हणजे काय, हे अप्पांना चांगले ठाऊक होते. बायकोला निरोप द्या म्हणून सकाळीच ते रडले होते. आणि आता रडत होते ते एका न चाललेल्या वाटेसाठी. चोर सोंग घेतो तेव्हा आपल्याला पटेल असे सोंग घेतो. न पटणारे सोंग कोण घेईल?

"तुमचा धोंडा दाखवाल?" मी विचारले.

अप्पा उठून उभे राहिले.

जमादार बैलगाडीत बसेपर्यंत पुटपुटत होते. "तीस वर्सं नोकरी झाली. मुलजिमाच्या मर्जीनं पहिल्यांदाच निघालो." सडकेने आम्ही नाक्याच्या उत्तरेला गेलो आणि अप्पा ज्या शेळ्यांच्या वाटेने उतरले होते तिने वर चढलो. माथ्यावर पोहोचलो. मी या जिल्ह्यात वाढलो, पण तो कडा असा कधी पाहिला नव्हता. एका अंगाला पठारावरची हिरवी ज्वारी, दुसऱ्या अंगाला एकदम तुटलेली जमीन, आणि खाली पार इंग्रजी मुलखापर्यंत शेते उन्हात पसरलेली. गवत सोनेरी झाले होते. वारा असा की जमादारांनी पटका दोन्ही हातांनी धरला.

आणि धोंडा होता. विभूतीची बोटे पुसट झाली होती, पण त्याच्यापुढे झेंडूची फुले आणि फुटलेला नारळ होता. शेजारी शेळ्या राखत बसलेल्या धनगर म्हातारीने आम्हाला दटावले.

"वहाणा काढा की. देव हाय त्यो."

"कधीपासनं, आजी?" मी विचारले.

"जुम्म्याला परगट झाला. एक जाडा सामी आला, पूजा केली, अन् अनवाणी पायानं तितनं खाली उतरला." तिने आम्ही आलो ती वाट दाखवली. मग तिची नजर अप्पांवर गेली आणि ती हात जोडत उठली. "अगं बया, सामींना दोरी कशापायी रं?"

जमादारांनी दोरीचे टोक नकळत पाठीमागे लपवले.

तो क्षण मला फार आवडतो. अप्पा इथून खरोखरच खाली उतरले होते. पण पुन्हा चढले नसतील कशावरून? मोहतमीम हेच विचारणार होते. मी म्हटले, "अप्पा, चला पुढे. वाट तुम्ही दाखवायची."

अप्पांनी धोंड्याला हात लावला आणि निघाले. त्यांचे चालणे पाहून हा माणूस कैदी आहे, असे कुणी म्हटले नसते. दोरीमुळे जमादार मागून ओढले जात होते.

"अप्पा, दमानं. म्हातारा माणूस हाय मी."

"या, या जमादार. फुडं काय हाय बघू तरी."

थोड्याच वेळात ते चुकले. वाट दोन ठिकाणी फुटली तिथे अप्पा उजवीकडे गेले आणि आम्ही थेट कड्याच्या टोकावर जाऊन उभे राहिलो. परत फिरलो. पुढे झरा डावीकडे खाली होता. तहानेने घसा कोरडा पडलेला असूनही ते त्याच्यावरून सरळ निघून गेले. चोरी करून इथून पळालेला माणूस झरा विसरत नाही. माझी चाल आपोआप वाढली.

नाका आम्हाला मागच्या अंगाने लागला. मागच्या दाराला नवी बिजागरी होती. लाकूड अजून पांढरे दिसत होते.

"हे कधी बसवलं?" मी नाक्यावरच्या जवानाला विचारले.

"शनवारी, सरकार. तुमी यायच्या थोडं आधी सुतार येऊन गेला. जुम्म्याला सकाळी दार निखळलं, म्हणून दिसभर माझं लाल काठाचं काळं कांबळं टाकलं होतं. सांजच्याला थंडी पडली तसं काढून पांघरलं."

कांबळे. मी पंचनामा केला तेव्हा ते तिथे नव्हते. त्याआधीही कधी नव्हते. फक्त चोरीच्या दिवशी होते.

"जमादार, इथून मळ्यातली विहीर दाखवा."

ते चारी बाजूंनी फिरले, टाचा उंच केल्या. मध्ये डोंगराची सोंड आडवी आली होती. विहीर दिसत नव्हती, मळ्याचे एक झाडही दिसत नव्हते. विहिरीवरून नाक्याचे मागले दार पाहता येणे शक्यच नव्हते.

"या मायला," जमादार हळूच म्हणाले. "मग कांबळं दिसलं कुठनं त्याला?"

अप्पांना जवानापाशी बसवून आम्ही दोघे सडक सोडून सरळ उतारानेच निघालो. उतरलो म्हणण्यापेक्षा घसरलो. मळेवाला मोटेवरच होता.

"त्या दिवशी कुठं उभे होतात ते दाखवा," मी म्हटले.

"हितंच की, सरकार."

"कांबळं कसलं होतं?"

"काळं. लाल काठाचं."

"बघा जरा. दार दिसतं?"

त्याने वर पाहिले. समोर नुसती डोंगराची सोंड होती. तो तिच्याकडे पाहतच राहिला, आणि बैल मोट ओढायचे थांबले तरी त्याने त्यांना हाकलले नाही. मी शांतपणे विचारले, "बंदूक काढून देता, का गंज्या उसकटू?"

मोटेच्या जुन्या कातड्यात गुंडाळलेली बंदूक कडब्याच्या गंजीत निघाली. नाक्यावरचा जवान जकात न भरता जाणाऱ्या मळेवाल्याच्या गाड्या अडवत होता. बंदूक गेली की जवानाची नोकरी जाणार होती. आणि अप्पांची गाडी खाली आयतीच उभी होती. डोंगरात विनाकारण फिरणाऱ्या माणसावर कोणीही संशय घेईल, हा त्याचा हिशेब बरोबर होता. मी घेतलाच होता.

मळेवाल्याला गावच्या पाटलाच्या ताब्यात देऊन आम्ही दोघे पुन्हा घाट चढलो. अप्पा जवानाबरोबर भाकरी खात बसले होते. मी स्वतः दोरी सोडली.

"मी मोकळा, साहेब?"

"मोकळे. गाडीने घरी पोहोचवायला सांगतो."

त्यांनी सूर्याकडे पाहिले, मग दक्षिणेला तुळजापूरकडे जाणाऱ्या कड्याकडे. "अजून लई उजेड हाय," ते म्हणाले. "गाडी फुडल्या घाटाखाली धाडा."

पुढच्या सगळ्या नोकरीत साक्षीदार जिथे उभा होता तिथे स्वतः उभे राहिल्याशिवाय मी कुणाचा जबाब खरा मानला नाही. कागदावर सगळेच सगळ्यांना दिसत असते. आणखी एक शिकलो. माणूस एखादी गोष्ट का करतो याचे उत्तर आपल्याला पटले नाही, म्हणजे तो खोटे बोलतो असे नव्हे. कदाचित आपणच ती गोष्ट कधी केलेली नसते.

मला ठाण्यात परत जायचे होते. मोहतमीमांना कळवायचे होते, रोजनामचा लिहायचा होता. तरी मी नाक्यावर उभाच राहिलो. अप्पा वळणापलीकडे दिसेनासे झाले, आणि पुढे काय आहे ते पाहावे, असे मला इतके वाटले की जमादारांनी दोनदा हाक मारली तेव्हा कुठे माझे पाय ठाण्याकडे वळले.