बोडीपलीकडून ओ

साऱ्या चांदा जिल्ह्यात माझ्या थोरल्या नणंदेइतकी हेकट बाई दुसरी झाली नाही आणि होऊही नये. त्या जिल्ह्याला तेव्हा वाघांचा जाच होता तेवढा पुरे होता. हे मी रागाने म्हणते आहे, आणि का म्हणू नये? पोटची पोर माझी, नऊ महिने भार वाहिला मी, आणि तिचं नाव चालेल की नाही हे ठरवणार कोण, तर बोडीच्या काठावर पदर खोचून उभी राहणारी ही बाई! इतकी वर्षं झाली, ती पोर आता स्वतः आई झाली, तरी ते आठवलं की माझ्या अंगाची लाही होते.

मी मूळची वाईची. धानोऱ्याच्या वाटेवरच्या या गावात लग्न होऊन आले ती पन्नास सालाच्या पुढेमागे. हे गावच्या शाळेत मास्तर. साताऱ्याला ट्रेनिंगला असताना आमच्या मामांकडे जेवायला यायचे, आणि तिथे इतकं नेटकं बोलायचे की यांच्या घरी सगळे असंच बोलत असतील असं मी भाबडेपणाने धरून चालले. बैलगाडीतून उतरले तर दारात नणंदबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या. मी वाकून म्हटलं, "वन्सं, नमस्कार करते." त्यांनी माझ्याकडे न बघता यांना विचारलं, "काऊन रे, ही का म्हनून राह्यली? मले बाई म्हन म्हना तिले." तेव्हापासून त्या बाई. साऱ्या गावाच्याही बाईच. तरुणपणी नवरा गेला तशा त्या माहेरी परत आल्या होत्या, आणि आईबापांच्या मागे शेत, बैल आणि धाकटा भाऊ हे सगळं त्यांनीच ओढलं होतं. त्यामुळे गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. माझा मात्र रोज पडायचा.

आता नावांचं सांगते. त्या मुलखातल्या तोंडांनी आमच्या मराठीचे काय हाल केले आहेत ते देवालाच ठाऊक. डोळ्याचा डोरा, पाण्याचं पानी, शाळेची सारा. 'ळ' हे अक्षर तिथे बहुधा लहानपणीच वारलं असावं, कारण त्याची कुणालाच आठवण नव्हती. हे साताऱ्यात 'शाळा' म्हणत, आणि गावची शीव ओलांडली की 'सारा'. मी कपाळावर हात मारून घेई. बाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच की गावाचं तोंड जसं आहे तसं आहे, नाव त्या तोंडाला बसलं पाहिजे. गावात कुणाच्याही घरी मूल झालं की बारशाच्या आधी बाई ते नाव पारखायला नेत, आणि त्यांनी पास केल्याशिवाय पाळण्याला दोरी बांधायची कुणाची छाती नव्हती.

पारख सुरू व्हायची चावडीवरच्या बोळक्या म्हाताऱ्यापासून. त्याच्याकडून नाव म्हणवून घ्यायचं, आणि त्याच्या तोंडून नुसताच वारा आला की बाई म्हणणार, "ज्या नावाले दात लागते ते नाव गरिबाचं नाई." पुढे सिरोंच्याकडून कापड विकायला येणारा तेलंगी व्यापारी. त्याच्या तोंडात भालचंद्राचा बालचंद्र व्हायचा आणि धर्माचा दर्मा. गठ्ठा सोडायच्या आधी बिचाऱ्याला दोनचार पोरांची नावं म्हणावी लागत. आणि शेवटी बोडी. बोडी म्हणजे धानाच्या बांध्यांना पाणी देणारं गावातलं लहान तळं. त्याच्या अलीकडच्या काठावर उभं राहून बाई गावाला दचकवील अशा आवाजात नाव हाकारत, आणि पलीकडे बांधीत काम करणाऱ्या बायांनी ते परत हाकारायचं. धड परत आलं तर पास. मोडून आलं तर नापास.

पटवाऱ्याने मुलाचं नाव हृषीकेश ठरवलं होतं. पलीकडून 'रुसीकेऽस' आलं. पटवारी शिकलेला माणूस, त्याने वाद घातला. बाई म्हणाल्या, "अगा भाऊ, सांजच्याले पोरगं जंगलाच्या कडेले खेळून राह्यलं आन् वाघ आला, तं तू एवढं लंबं नाव पुरं करशीन तवरक वाघ जेवून हात धून घेईन." पटवाऱ्याच्या बायकोने ते ऐकलं मात्र, रडायलाच लागली. पोराचं नाव किसन झालं. पटवारी पुढे बदली करून घेऊन गेला तो म्हणे याच रागाने, आणि मला तो माणूस तेव्हा फार जवळचा वाटला होता.

मी एकदा म्हटलंही, "बाई, ही शुद्ध नावं आहेत. तोंडं सुधारायची सोडून नावं काय मोडता?" त्या दिवशी डोंगराकडची एक गोंड बाई मोहफुलं घेऊन अंगणात आली होती, कडेवर तिचं पोर. बाईंनी मला त्या पोराचं नाव म्हणायला लावलं. मी म्हटलं. त्या पोराच्या आईने पदर तोंडाला लावला आणि ती इतकी हसली, इतकी हसली की पोरही हसायला लागलं. परत म्हटलं, परत तेच. बाई टोपल्यातली फुलं निवडत म्हणाल्या, "आता सुदर तुहं तोंड." अशी ही बाई!

आता माझं ऐका. माझी आई गेली ते मला इथे कळलं तेव्हा तिकडे तेरावंसुद्धा होऊन गेलं होतं. पावसाळा, नद्या दुथडी, तार कुठे अडकली कोण जाणे. तिचं तोंड बघायला मिळालं नाही. मला दिवस होते. तेव्हाच मनाशी ठरवलं की मुलगी झाली तर तिचं नाव प्रमिळा. माझ्या आईचं नाव. दुसरं तिचं माझ्याकडे काही नव्हतंच, ना दागिना, ना लुगडं. मुलगी झाली. मी बाईंना सांगितलं, "नाव ठरलं आहे. पारखायचं काही कारण नाही."

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी बाई काठावर. रोवणी चालली होती, पलीकडे बाया वाकून धान रोवत होत्या. बाईंनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक घातली, "परमिराऽऽ!"

मी ओली बाळंतीण, तशीच धावत गेले. "अहो, तुम्ही हाकच चुकीची मारता आहात!"

"तं तू मार."

मी मारली. आईला मारावी तशी, छाती फुटेतो. "प्रमिळाऽऽ!" पलीकडून बायांनी कंबर सरळ केली आणि एका सुरात परत पाठवली, "परमिराऽऽ!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "नाव मोडते. मी नाई कुर्र करत."

आमच्याकडे बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा. आत्याने नाही म्हटलं की बारसं नाही. पाळण्याला फुलं बांधलेली, घुगऱ्या शिजलेल्या, आणि आत्या गोठ्यात जाऊन म्हशीला चारा घालत बसलेली! घुगऱ्या अख्ख्या आळीला वाटल्या आणि उरलेल्या त्या म्हशीने खाल्ल्या. हे काय करत होते म्हणाल, तर वर्गात पोरांकडून पाढे म्हणवून घेत होते. बहिणीपुढे यांचा आवाज कधी फुटला नाही. माझी पोर रोवणी सरेपर्यंत बिननावाची राहिली. कुणी तिला पोट्टी म्हणे, कुणी मास्तरची पोरगी. मला रात्रंदिवस वाटे, मी माझ्या आईला दुसऱ्यांदा घालवते आहे.

मग एक दिवस माझा तोल गेला. बोडीच्या काठावर मी पोरीचे लंगोट-दुपटी धूत होते. बाई पाण्यात बैल धूत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "चंदा ठेव. साजरं नाव हाये. कोनाच्या तोंडात मोडत नाई."

मी धुणं टाकून उठले. "तुम्हाला काय कळणार कुणाच्या नावाची माया!" मी ओरडले. "जन्मभर नुसत्या बाई! तुम्हाला स्वतःचं नाव तरी आहे का?"

बैलाच्या पाठीवरचा त्यांचा हात थांबला. मला वाटलं आता काठावर येऊन कानाखाली वाजवतील. त्या आल्या नाहीत. खाली पाण्यात बघत म्हणाल्या, "हाये ना. मार्कंड्याच्या जत्रेत एका तेलंगी महाराजानं देल्लं होतं बाबाले. लय मोठं नाव. बाबाले लय आवडे." आणि त्यांनी ते म्हटलं. पहिल्यांदा अडखळल्या, दुसऱ्यांदा अर्धंच आलं. गाव ते नाव घेऊन खदखदा हसायचं, म्हणून घरात त्यांना नुसतं 'मोठी' म्हणू लागले. सासरी लग्नात दुसरं नाव ठेवलं. नवरा गेला तसं तेही तिकडेच राहिलं. "बाबा गेल्यावर मले त्या नावानं कोनीच नाई बलावलं," त्या म्हणाल्या. "माह्या तोंडातबी ते बसत नाई वो वयनी. मंग मले वाटते, पोरीले असं नाव काऊन द्याचं, का तिचं तिलेच घेता येऊ नये?"

मला ते नाव ओळखू यायला वेळ लागला नाही. मी हळूच म्हटलं, "विशालाक्षी."

बाईंनी एकदम वर पाहिलं. "हेच. बाबा असंच म्हने." मग लहान पोर खाऊ मागतं तशा आवाजात, "तुह्या तोंडात ते अख्खं हाये, वयनी. एक डाव हाक मार ना. मी तिकडं जातो."

आणि ही बाई, जिच्यापुढे पटवारी हरला, ती बैल तसाच पाण्यात सोडून, ओलं लुगडं सावरत, साऱ्या बोडीला वळसा घालून पलीकडच्या काठावर जाऊन उभी राहिली. मी दोन्ही हात तोंडाशी धरले. "विशालाऽक्षीऽऽ!"

"ओऽऽ!" पलीकडून आली. इतकी कोवळी ओ मी त्या घरात कधी ऐकली नव्हती. मी परत हाक मारली, परत ओ आली.

बारसं त्याच आठवड्यात झालं. बाईंनी पोरीच्या कानाशी वाकून कुर्र केलं आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "परमिरा!" रिवाजाप्रमाणे बायांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. माझा जरा जोरातच बसला. बाई वळून म्हणाल्या, "का वो, तुहं नाव ठेवलं ना? आता गाव मोडन तं मोडन. तू घरी अख्खं म्हन." आणि गावाने मोडलंच. माझी पोर परमिरा म्हणूनच वाढली, परमिरा म्हणूनच तिच्या लग्नात मंगलाष्टकं झाली, आणि मी भटजीवर तिथल्या तिथे भडकले.

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझी पोर पहिल्या बाळंतपणाला आली, मुलगी झाली, आणि म्हणते कशी, "आई, नाव ठरवलंय, पण आत्याबाई नाहीत. पारीवर कोन जाईन?" बोडीच्या पाळीला पारी म्हणे! माझ्या पोटची पोर! मी दोन शब्द चांगले सुनावले तिला. मग चपला घातल्या आणि गेले.

सकाळची वेळ होती, पलीकडे बाया रोवत होत्या. नातीचं नाव ओठांवर होतं, पण आधी दुसरंच बाहेर पडलं. "विशालाऽक्षीऽऽ!" बायांनी माना वर केल्या, एकमेकींकडे पाहिलं. हे कुणाचं नाव ते त्यांच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. जमेल तसं त्यांनी ते परत पाठवलं, "इसालाक्सीऽऽ!" ओ काही आली नाही. मी परत हात तोंडाशी धरले, आणि नातीच्या नावाची हाक घातली.