मायचं गोंदण मी पुसलं

माझी माय सुंदरा. तळेगावच्या पुढे आमची गोंडांची दहा-बारा घरांची वस्ती आहे, तिथं राहते. रोजमजुरीला जाते, उन्हाळ्यात मोहफुलं वेचते. तिच्या कपाळावर, हनुवटीवर आणि दोन्ही कानशिलांवर हिरवं गोंदण आहे. अकरा ठिपके. नेमका आकडा मला माहीत आहे, कारण एकेक करून ते मीच पुसले.

वर्ध्याच्या कम्युनिटी कॉलेजात मी डिजिटल मीडियाचा एक वर्षाचा कोर्स केला. खोली सिंदी मेघेत, सोबतीला वर्गातली आकांक्षा. ती बिचारी काही वाईट नव्हती, खोट माझ्यातच होती. वर्गात तोंडातून 'मले' निघालं की मी जीभ चावायची. घर कुठे विचारलं की 'तळेगाव' म्हणायची आणि पुढची वस्ती गिळून टाकायची.

दिवाळीनंतर रजत सरांनी काम दिलं. घरातल्या माणसाचा फोटो काढा, तो साफ करा आणि पोस्टर बनवा. मी मायचा फोटो आणला. स्क्रीनवर तो मोठा केला तशी आकांक्षा वाकून म्हणाली, "आईच्या चेहऱ्याला काही झालंय का गं?"

सांगायला माझं काय जात होतं? गोंदण आहे, एवढंच. पण मी म्हटलं, "हो ना, डाग पडलेत. काढतेय." आणि डाग पुसायचा ब्रश घेऊन बसले. बाजूच्या कातडीचा रंग उचलायचा, ठिपक्यावर टेकवायचा, ठिपका गायब. अर्ध्या तासात सगळा चेहरा कोरा. मग हात थांबेना मेला. सुरकुत्या काढल्या, रंग उजळला. सरांनी पाठ थोपटली, वर्गाला म्हणाले, सफाई अशी असते. मला आनंद झाला. आज सांगताना तोंड लपवावंसं वाटतं, पण झाला.

पोस्टर कॉलेजच्या प्रदर्शनात लागलं आणि पालकांना बोलावणं गेलं. माय येणार नाही असं मी धरून चालले होते. खरं म्हणजे येऊ नये असंच वाटत होतं. ती आली. दोन एसट्या बदलून, धुतलेलं लुगडं नेसून. भिंतीवरच्या पोस्टरसमोर बराच वेळ उभी राहिली.

"हे मी होय?"

"हो."

"मंग माहं गोंदन कुठी गेलं?"

आकांक्षा बाजूलाच होती. मी हळूच म्हटलं, "कंप्यूटरवर काढलं माय. इथं तसं चांगलं नाही दिसत."

वस्तीत मायच्या तोंडाला कोणी लागत नाही. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर माझी बिनपाण्यानं होते. पण ती मऊ आवाजात बोलली. "नऊ वर्साची होतो मी, गोंदलं तवा. दोघीजनींनं धरून ठेवलं होतं. माही माय म्हने, रडू नको, मेल्यावर अंगावरचं सारं काढून घेतात, हे कोनी काढत नाई. यानंच मी तुले तिकडं वळखीन." मग म्हणाली, "इथं चांगलं दिसत नाई म्हनतं तं..." आणि वाक्य तसंच सोडून तिनं प्यायचं पाणी कुठे आहे ते विचारलं.

तेव्हाच म्हणायला हवं होतं, माय, चुकलं माझं. मी म्हटलं नाही. तमाशा झाला नाही, एवढ्यावरच खूश होते मी. त्या खुशीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मे महिन्यात सर्टिफिकेट वाटपाचा कार्यक्रम झाला. मी मायला फोन केला आणि लगेच वर जोडलं, उन्हाचं नाही आलीस तरी चालेल. तरी ती आली, पदर पार भुवयांपर्यंत ओढून. असा पदर ती कधी घेत नाही. ऊन लागत असेल, असं मला वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर आवारातल्या कडुलिंबाखाली रजत सर म्हणाले, "अंजू, चल, आईंसोबत फोटो काढतो तुझा." मायनं पदर मागे सारला. कपाळाच्या मधोमध लिंबाच्या फोडीएवढी जखम होती. कडा काळ्या, आत लालभडक, वर हळद थापलेली.

"अरे, भाजलं का काय?" सरांनी विचारलं.

"हो जी. चुलीपाशी," माय म्हणाली.

मग माझ्या कानाशी येऊन खरं सांगितलं. शेजारच्या शोभाबाईनं सुचवलं होतं, चुना अन् कपडे धुवायचा सोडा बांधून ठेवला की गोंदण सुटते. चार दिवस तिनं तो बांधून ठेवला होता.

"दोनच गेले पोरी. लय आग होते. बाकीचे तूच कंप्यूटरवर काढून टाकजो."

सरांनी मोबाईल वर धरला. माय माझा हात धरून ताठ उभी राहिली आणि हसली. माझी मान वर होईना. सर तीनदा म्हणाले, "अंजू, इकडे बघ."