मालनबाई आणि पुंडलिकरावांचा खांदा

आमची आई मालनबाई भंडाऱ्याच्या दवाखान्यात बावीस वर्षं आया होती. आखडलेले हातपाय हलवून मोकळे कसे करायचे, ही एक विद्या ती तिथून शिकून आली. १९७९ साली नोकरी संपवून एकोडीला परतली आणि ती विद्या गावभर फुकट वाटत सुटली. मी गावच्या शाळेत मास्तरीण. बघून बघून माझं डोकं फिरायचं.

त्याच वर्षी पुंडलिकरावांना लकवा मारला. भरल्या घरचा माणूस, उजवा हात लुळा पडला. बायकोने, कौशल्याबाईंनी, तो दुपट्ट्यात गुंडाळून छातीशी बांधून ठेवला, आराम पडावा म्हणून. महिन्याभरात खांदा असा धरला की सदरा घालतानाही ते ओरडत. मग आईला बोलावणं आलं, आणि ही बया गेली!

रोज सकाळी ती त्यांच्या कोपराखाली एक हात घाली, दुसऱ्याने मनगट धरी आणि हात सावकाश वर नेई. दुखलं की थांबे, पुन्हा नेई. मग मनगट, मग एकेक बोट. आणि तिची पाठ वळली की कौशल्याबाई नवऱ्याला न्हाणीवर बसवून डोक्यावरून पाणी घालत, आमचा हात लागला म्हणून. आम्हाला बौद्ध होऊन तेवीस वर्षं झाली होती. त्यांच्या लेखी आम्ही होतो तिथेच.

"कायले जातं माय तिथं? तुहा हात लागला का विटाळ धुतेत!" मी तणतणले.

"मले ठाऊक हाये. खांदा अजून मोकळा नाई झाला."

कप्पाळ माझं!

दुसऱ्या दिवशी मी भांडायलाच तिच्या मागे गेले. हात हलवून झाल्यावर आई कौशल्याबाईंना म्हणाली, "वैनी, भाऊले आंघोळ तुमी नोका घालू. गडवा त्यायच्या उजव्या हातात द्या. डाव्याचा आधार घेऊन डोक्यावर पानी त्यायनंच घ्याचं. पयले रिकामा, मंग अर्धा, मंग भरून."

कौशल्याबाईंचा चेहरा उतरला. पुंडलिकराव भिंतीकडे बघत राहिले. आई मात्र गडवा कितपत उचलायचा ते करून दाखवत होती. मला तिला फरफटत घरी न्यावंसं वाटलं.

चार महिन्यांत हात हनुवटीशी आला, मग कानाशी. डोक्याच्या वर जाईना.

एका सकाळी मी आईला हाक मारायला गेले. पुंडलिकराव खाली मान घालून बोलत होते. "मालनबाई," आजवर ते नुसतं मालन म्हणत, "आठ दिवस झाले, तुमी गेल्यावर म्या आंघोळ नाई केली. आता करनारबी नाई. मले लाज वाटते."

हे ऐकायला मी किती तळमळले होते!

आई भडकली. "तरीच म्हनलं, खांदा पुन्हा जड काहून लागून राहिला! चार महिने म्या का झक मारली? उठा! गडवा घ्या!"

म्हातारा मुकाट न्हाणीवर जाऊन बसला.

"माय, तो मानूस तुही माफी मांगत होता!" मी रस्त्यात ओरडले.

"तोंडाले का झालं त्याच्या?" आई म्हणाली. "ते त चांगलंच चालते. खांदा नाई चालत."