गेममधला मालक

"ह्यो मालक लय गोड बोलतो. खोटा वाटतो."

समोरचा बंगला सांभाळणारी मावशी आमच्या पायरीवर बसून पप्पांना सांगत होती. मी आत खिडकीखाली लॅपटॉप घेऊन बसले होते. मावशीला ते ठाऊक होतं. मला काही सांगायचं असेल तर मळवलीतली माणसं ते पप्पांना सांगतात, जरा मोठ्याने, आणि उठून जातात. ही पद्धत कुणी ठरवली नाही, पण मला सोयीची आहे.

"पंप जळाला तर म्हनतो, काळजी घ्या," मावशी म्हणाली. "भाऊ, तुमीच सांगा. असा मालक बगितलाय कुटं?"

"खरा काय म्हनंल?"

"खरा आदी इचारंल, कुनी जाळला."

पप्पा हसले. मी "काळजी घ्या" पुसलं आणि "कुणी जाळला?" असं लिहिलं.

तो मालक मी बनवलेल्या गेममधला होता. गेममध्ये तुम्ही एका बंगल्याचे केअरटेकर असता. शुक्रवारी फोन येतो की आठ पाहुणे येणार आहेत; शनिवारी चौदा उतरतात. गीझर चालत नाही, लाइट जाते, स्विमिंग पूलचं पाणी हिरवं पडतं, कुणाला तरी भर पावसात शेगडीसाठी कोळसा हवा असतो. रविवारी संध्याकाळी मालकाचा फोन येतो आणि तुम्ही राहिलात की गेलात ते कळतं. पुण्यात मी गेम इंजिन शिकले तेव्हा वर्गातले बाकीचे ड्रॅगन आणि बंदुका बनवत होते. मला त्यातलं जवळून काही माहीत नव्हतं. बंगला माहीत होता. आम्ही एका बंगल्याच्या मागच्या आउटहाउसमध्ये राहतो. पप्पा तो बंगला सांभाळतात, आई पाहुण्यांचा स्वयंपाक करते, आणि मी शिक्षण संपवून घरी आले होते, कारण नोकरीच्या मुलाखतींमध्ये बोलावं लागतं.

गेम स्टोअरवर टाकायचा तर आधी डझनभर माणसांनी तो काही दिवस वापरून पाहायला हवा, असा नियम निघाला. डझनभर माणसांना विचारायचं म्हणजे डझनभर वेळा बोलायचं. मी ते पान बंद केलं. पप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडून फाइल मागून घेतली आणि केअरटेकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, "मुलीने केले आहे. खेळणे."

ते खेळले. दिवसभर बंगला सांभाळून ही माणसं दुपारी अर्धा तास माझ्या गेममधला बंगला सांभाळू लागली. त्यात त्यांना काय मिळत होतं मला कळलं नाही. पण चुका मात्र ते लगेच सांगत. मोटार एवढ्यात तापत नाही. कुत्रं बांधायची सोय नाही. पप्पांची तक्रार एकच होती: "अक्षरं लय बारीक काढलीत."

मी अक्षरं मोठी केली आणि नवी फाइल दिली. मग मावशीचा फोन आला.

"आता कुटं दाबू?"

"डाउनलोडवर."

"हितं तर लय काय काय हाय. त्या निळ्यावर दाबू?"

असे फोन सगळ्यांचेच आले. प्रत्येकाचा फोन वेगळा, प्रत्येकाचं निळं वेगळ्या जागी. त्या आठवड्यात मी वर्षभराचं बोलले. शेवटी मी ठरवलं की यापुढे गेमनेच आपली नवी आवृत्ती आणावी आणि स्वतःच बसवावी. त्यात मला कुणी विचारायचं कारण नाही.

हे वाटलं तेवढं सोपं नव्हतं. अर्धं काम सरळ आहे. गेम उघडला की तो सर्व्हरवर एक आकडा वाचतो; आकडा आपल्यापेक्षा मोठा असेल तर नवी फाइल उतरवून स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतो. पुढे ती फाइल फोनच्या इन्स्टॉलरकडे द्यायची असते, आणि इथे माझी गाडी अडली. गेम इंजिनाला अँड्रॉइडशी थेट बोलता येत नाही, मध्ये दुभाष्या लागतो. तो घातला. मग फोन गेमच बंद करायला लागला, कारण मी इन्स्टॉलरला फाइलचा पत्ता देत होते. पूर्वी तसं चालायचं. आता पत्ता द्यायचा नसतो, फाइल तेवढ्यापुरती हातात द्यावी लागते. पप्पा पाहुण्यांना किल्ली कुठे ठेवलीय ते कधीच सांगत नाहीत, स्वतः जाऊन हातात देतात, तसंच. हे कळायला मला कित्येक दिवस लागले. पप्पांना विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं, त्यामुळे त्याचं वाईट वाटलं नाही.

एवढं करूनही शेवटी एक पाटी येतेच. या स्रोताकडून अ‍ॅप बसवायची परवानगी द्यायची का? ती टाळायला मी खूप शोधाशोध केली. टाळता येत नाही. तिथे माणसाचं बोट लागतं. मी ते मान्य केलं आणि पप्पांना एकदाच दाखवलं. त्यांनी ग्रुपवर सगळ्यांना सांगितलं, "पाटी आली की हो म्हणणे." पुढे सगळे हो म्हणू लागले. फोन थांबले.

त्यानंतरच्या आवृत्त्या बहुतेक अक्षरांच्याच होत्या. मी मोठी करायचे, पप्पा म्हणायचे, "अजून बारीकच हायती." मावशीला ती आता फार मोठी वाटत होती, तिच्या फोनवर मालकाचं अर्धं वाक्य बाहेर जात होतं. तेव्हा मी पप्पांकडे नीट बघायला लागले. ते फोन नाकाजवळ आणि डावीकडे धरत होते. पूलचं पाणी तपासायची काचेची नळी उजेडात धरून मला विचारत होते, "पिवळा किती झालाय गं?" ती नळी गुलाबी असायची.

मी आईला सांगितलं, आईने त्यांना तळेगावला नेलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, पिकलेला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन तासाभराचं आहे, पण नंतर आठ दिवस वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, धुरात जायचं नाही. बंगल्यावरच्या कामातून वाकणं, पाणी आणि धूर काढले तर गेट उघडणं उरतं. तारीख मिळाली. त्या तारखेला मुंबईचा एक मोठा ग्रुप आला. दुसरी तारीख जोडून आलेल्या सुट्ट्यांमध्ये गेली. दोन्ही वेळा पप्पांनी साहेबांना फोन केला आणि दोन्ही वेळा साहेब तेच म्हणाले, आणि तेही खूप प्रेमाने.

साहेब म्हणजे बंगल्याचे मालक. ते वाईट नाहीत. लोणावळ्याच्या इंग्रजी शाळेत मला प्रवेश मिळाला तो त्यांच्या शब्दामुळे. आले की ते मला इंग्रजीत विचारतात, कोडिंग कसं चाललंय, आणि मी म्हणते, "फाइन, अंकल." इतक्या वर्षांत आमचं बोलणं यापुढे गेलेलं नाही. पप्पांना ते मामा म्हणतात.

मावशी गोड मालकाबद्दल बोलली त्या दुपारी मी नुसता पंपाचा संवाद बदलून थांबले नाही. मालकाची सगळीच वाक्यं काढली आणि साहेबांची घातली. रचावं काही लागलं नाही. "मामा, तुम्ही तर घरचेच." "तुमच्याशिवाय हा बंगला म्हणजे नुसत्या भिंती." आणि एक नवं बटण ठेवलं: सुट्टी मागा. ते दाबलं की मालक म्हणतो, "अहो घ्या की. एवढा सीझन जाऊ द्या." गेममध्ये पावसाळ्यानंतर दिवाळी येते, मग थंडी, मग लग्नं, मग मे महिना, मग पावसाळा. सीझन नसलेला महिना मी ठेवला नाही.

पप्पांनी ही आवृत्ती बसवली आणि गेममध्ये सुट्टी मागितली. मग पुढच्या महिन्यात मागितली. मग पाहुणे नसताना, पूल स्वच्छ असताना, मालक खूश असताना मागितली. मावशीला म्हणाले, "आता बराबर बोलतोय." मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील. ते दोन दिवस खेळत राहिले.

मग मला म्हणाले, "कंच्या महिन्यात मागितली म्हंजी मिळती?"

"नाही मिळत."

"कायच केलं तरी?"

"हो."

"मग बटन कशाला ठिवलंस?"

ऑपरेशनची तिसरी तारीख पुढच्या गुरुवारची होती. डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं की आता फार ताणू नका, पुढे अवघड होईल.

त्या शनिवारी साहेब आले, एकटेच. पप्पा म्हणाले, जेवण झालं की विचारतो. आई आमच्यासाठी भाकरी थापत होती आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी ताटं पुसत उभी होते. तिथून व्हरांड्यातलं सगळं ऐकू येतं.

"साहेब, गुरवारी जरा डोळ्याचं बगायचं व्हतं," पप्पा म्हणाले. "जमलं तर. आठेक दिवस."

ऑपरेशन हा शब्द ते बोललेच नाहीत. मोतीबिंदूही नाही. जणू डोळ्यात कचरा गेलाय.

"अहो घ्या की मामा," साहेब म्हणाले. "तुम्ही तर घरचेच. एवढा सीझन संपू दे."

गेममध्ये मी "जाऊ द्या" लिहिलं होतं. बाकी सगळं बरोबर होतं.

पप्पा म्हणाले, "व्हय साहेब." आईने भाकरी उलटली. वर बघितलं नाही.

मग साहेबांना विषय बदलायचा असेल. "तुमच्या मुलीच्या गेमचं फार ऐकतोय मी. समोरच्या बंगल्याचे मालक सांगत होते. मला द्या ना."

पप्पांना आनंद झाला, तो त्यांच्या आवाजात कळला. त्यांनी ग्रुपवरची फाइल साहेबांना पाठवली, त्यांचा फोन हातात घेतला, व्हॉट्सअ‍ॅपची पाटी आली तिला हो म्हटलं. ती जागा त्यांना न बघताही सापडते. ग्रुपवरची फाइल म्हणजे गोड मालकाची, पण आपली नवी आवृत्ती स्वतः आणणारी. पप्पांच्या हे लक्षात नव्हतं. माझ्या होतं.

"बेटा, बाहेर ये," साहेबांनी हाक मारली. "शिकव मला."

मी ताट ठेवून गेले; पप्पा चहा आणायला आत गेले. त्यांनी गेम उघडला होता. पडद्यावर निळी पट्टी सरकत होती. बंगल्याचं वायफाय पावसात संथ चालतं, तेव्हा मला वाटलं, पळत जाऊन लॅपटॉपवरून सर्व्हरवरचा आकडा बदलता येईल. पण पळत जाण्याचं कारण सांगावं लागलं असतं. मी उभी राहिले. पट्टी पूर्ण भरली. आता सर्व्हरवर काहीही केलं तरी ती फाइल त्यांच्या फोनमध्ये होती, त्यांच्या सगळ्या वाक्यांसकट.

पाटी आली.

"हे काय विचारतंय?" साहेबांनी चष्मा वर केला. "अननोन अ‍ॅप. धोका असू शकतो म्हणे." ते हसले. "अलाउ करू ना, बेटा? तू सांगशील तसं."

तेवढ्यात पप्पांच्या लक्षात आलं. ते चहाचा ट्रे घेऊन दारात थांबले होते. "राहू द्या साहेब," ते म्हणाले. "पोरांचा ख्येळ. चहा गार व्हईल." आणि माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, नको म्हणून. पण बघितलं ते माझ्या जरा डावीकडे.

साहेबांचं बोट पडद्यावर तसंच थांबलेलं होतं. मी हो म्हटलं असतं तर ते आत जाऊन खेळले असते, पंप जाळला असता, गेममधल्या रविवारी स्वतःचाच आवाज वाचला असता, आणि मी तोवर आउटहाउसमध्ये असते. नाही म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, बरं, आणि चहा प्यायले असते. दोन्हीकडून गुरुवार हातचा जात होता.

त्यांच्याशी मी पहिल्यांदाच मराठीत बोलले. आवाज फार मोठा निघाला.

"अलाउ करू नका. त्यात जे आहे ते मीच तोंडाने सांगते. पप्पांना उजव्या डोळ्याने दिसत नाही. गुरुवारी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, नंतर आठ दिवस ते कामावर नसतील. पाहुण्यांचे फोन मी घेईन, गेटवर मी येईन. बंगला मी बघते."