बाबांनी मला न सांगितलेला कडुनिंब

आमच्या बँकेच्या मोबाइल ॲपमध्ये बोलणारा सहायक बसवायचं ठरलं, तेव्हा त्याच्या तोंडी द्यायची वाक्यं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. अमरावतीच्या मुख्य कचेरीतली बाकीची मंडळी संगणकातली, मी कर्ज विभागातली. या सहायकानं योजना गळ्यात मारायच्या नव्हत्या. आधी माणसाला विचारायचं, तुम्हाला कसं जगायचंय. आणि मग पैसा त्या दिशेनं जातोय की भलतीकडे, एवढंच दाखवायचं. तो वऱ्हाडीतही बोलणार होता. ती वऱ्हाडी मी बाबांच्या बोलण्यातून उचलली.

चाचणीसाठी घरचं कुणी हवं म्हटल्यावर अकोल्याला जाऊन मी बाबांच्याच फोनवर तो चालू करून दिला. बाबा वीज खात्यातले निवृत्त लाइनमन. आई गेल्यापासून एकटेच राहतात. उन्हाळ्यात त्यांच्या घराच्या भिंती संध्याकाळीसुद्धा हाताला चटका देतात. एसी घ्या म्हणून मी कित्येक वर्षं मागे लागले होते. "मले नाई लागत," एवढंच उत्तर.

एका रविवारी डबा घेऊन गेले, तर आतून बोलण्याचा आवाज. कुणी पाहुणे आलेत असं वाटलं. बाबा पलंगावर बसले होते आणि समोर तांब्याला टेकवून फोन उभा केला होता.

"जिंदगीभर झाडंच छाटली मी," ते फोनला सांगत होते. "पावसाळ्याच्या आंधी तारेखालच्या फांद्या तोडा लागे. आमच्या दारापुढचा कडुनिंबबी मीच तोडला. माही बायको त्याच्या सावलीत गहू निवडे. म्हने, दुसऱ्याचं तोडा, माह्यं ठेवा. असं करता येते का? लय दिवस बोलली नाई मंग माह्यासंगं."

"मंग आता काय व्हावं वाटते तुमाले, काका?" फोननं विचारलं.

"घरापासून बुद्धविहारापर्यंत सावली व्हावी. तारा आता रस्त्याच्या त्या बाजूनं गेल्या. झाडं लावाची, जाळ्या बसवाच्या, पानी घालाले एक मानूस ठेवाचा. पेन्शनीत जमते का सांग."

मी दारातच उभी राहिले. तो कडुनिंब मला आठवत होता. त्याला कीड लागली होती, असं मला लहानपणी सांगितलं होतं. आई त्यावरून रुसली होती, हे आज कळत होतं. तेही एका ॲपला सांगताना. आणि तो प्रश्न, "काय व्हावं वाटते तुमाले", मीच माझ्या टेबलावर बसून लिहिलेला! एखाद्या सवतीवर जळावं तशी मी त्या फोनवर जळले.

"मले काहून नाई सांगितलं, बाबा?"

ते दचकले, मग शांतपणे म्हणाले, "तुले सांगितलं असतं त सांजच्याले नर्सरीवाल्याले घेऊन आली असती. पैसेबी तूच देल्ले असते. मंग माह्यं काय रायलं असतं त्याच्यात?"

जेवताना मी पुन्हा विषय काढलाच. "ते मशीन हाय बाबा. त्याले काई समजत नाई."

"मालूम हाय मले. म्हनूनच बोलतो. तुह्या मायचं नाव काढलं का तू रडतं. मंग मीच तुले समजावत बसतो."

त्यावर मला रडूच आलं, म्हणजे त्यांचंच खरं ठरलं.

अमरावतीत परतल्यावर बैठकीत मी सुचवलं, गिऱ्हाइकानं मनातलं काही सांगितलं की सहायकानं विचारावं, 'हे घरी कोनाले सांगितलं का?' सगळ्यांना पटलं. माणसं जोडणारा प्रश्न आहे, असंही कुणी म्हणालं. मी मान डोलावली. खरं म्हणजे त्या सहायकानं बाबांना माझ्याकडे परत पाठवावं, एवढंच मला हवं होतं.

पुढच्या चाचणीसाठी पातूरला गेलो, तिथं पापडाचा धंदा करणाऱ्या एका बाईंनी तो प्रश्न ऐकला आणि फोन माझ्या हातात परत दिला. "घरी सांगाचं असतं त याले कायले सांगितलं असतं, बाई?" लेकीच्या नर्सिंगसाठी त्या नवऱ्याला न कळता पैसे बाजूला टाकत होत्या. प्रश्न ऐकून त्यांना वाटलं, बँक आता घरी चुगली करणार. माझ्यासोबतचा सहकारी गाडीत बसल्यावर म्हणाला, "मॅडम, हा प्रश्न काढा लागते."

तिवसा आणि चांदूर रेल्वे इथल्या चाचण्या होऊ देत, मग पाहू, असं म्हणत मी दोन दिवस वाद घातला. पण त्या बाईंचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. शेवटी तो प्रश्न मीच काढून टाकला.

जुलैत अकोल्याला गेले, तर झाडं लागलीसुद्धा होती. विहारातल्या मंडळींना घेऊन बाबांनी खड्डे केले होते. मला बोलावलं नव्हतं. नुसतं "ये, दाखवतो" म्हणाले आणि प्रत्येक रोपापाशी थांबत मला विहारापर्यंत चालवत नेलं. शेवटची जाळी वाकलेली, आत नुसता दांडा. कोपऱ्यावरच्या घरची बकरी.

बाबांनी लगेच खिशातून फोन काढला. "आयक रे, एक झाड बकरीनं खाल्लं. आता काय करावं?"

पुन्हा तेच. मी बाजूला उभी आहे आणि विचारताहेत त्याला. त्यानं काय सल्ला दिला, ते मी ऐकलं नाही. साडीचा पदर खोचून मी बकरीच्या मालकिणीशी भांडायला निघाले होते.