दुसऱ्या बाळाचा पहिला घोट
परवा चिंचवडला भांड्यांच्या दुकानात पितळी बोंडलं दिसलं, तान्ह्या बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं, आणि सत्तरच्या दशकातली मोशीतली एक दुपार आठवली. माझी धाकटी बहीण सासरी बाळंत झाली होती आणि मी तिच्या सोबतीला गेले होते. खोलीत ओवा-शेपाच्या धुरीचा वास कोंडला होता. दूध भरपूर होतं, पण छाती दगडासारखी कडक झाली होती. बाळ तोंड लावायचं, सुटायचं आणि रडायचं. सकाळपासून ते रडणंही क्षीण होत चाललं होतं. तिच्या सासूबाई बोंडल्यात गाईचं दूध घेऊन आल्या. "ह्ये तरी जाऊ दे पोटात." बहीण म्हणाली, "नको. पहिल्यालाही यातूनच पाजलं होतं." पहिलं बाळ हगवणीनं गेलं होतं आणि त्या घरात त्याचा विषय कोणी काढत नसे. बोंडलं खाली ठेवून सासूबाईंनी गरम फडक्यानं छाती शेकली, थोडं दूध हातानं काढून ती मऊ केली आणि बाळाला आईच्या पोटाशी पोट लावून धरलं. "घाई नगं करू. मोठा आ करू दे त्याला." बाळानं तोंड उघडताच त्यांनी त्याला जवळ घेतलं, आणि या वेळी ते सुटलं नाही. गिळण्याचा आवाज येऊ लागला. "पितोय गं लबाड," म्हणत सासूबाई भिंतीकडे तोंड करून रडू लागल्या. पहिलं गेलं तेव्हा त्यांना रडताना कोणी पाहिलं नव्हतं, आणि बहिणीच्या मनात तोच राग होता. तिनं बाळाच्या पाठीवरचा एक हात काढून त्यांच्याकडे पुढे केला. तो त्यांनी धरला की नाही, हे मला आज सांगता येत नाही. मी बाळाकडे पाहत होते.